केनियात काय खावं, कसं मागवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसाई मारा, नैरोबी आणि मोंबासा हा मार्ग धरून जाणाऱ्या मराठी प्रवाशांकडून जेवणाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. केनियातलं जेवण तिखट नसतं आणि त्यातले बरेचसे जिन्नस आपल्या स्वयंपाकघरातलेच असतात. घोळ होतो तो शब्दांचा, कारण बहुतेक शब्द स्वाहिली या तिथल्या रोजच्या भाषेतले असतात. पदार्थाच्या नावावर विसंबू नका, त्यात काय घातलंय ते विचारा.

रोजचं जेवण म्हणजे नेमकं काय?

उगाली आणि सोबत काहीतरी. उगाली म्हणजे उकळत्या पाण्यात पांढऱ्या मक्याचं पीठ घालून, लाकडी उलथन्याने घोटून केलेला गोळा. तो इतका घट्ट असतो की ताटात उपडा केला तरी आकार सोडत नाही. आपली तांदळाची उकड त्याच्यापुढे पातळच. त्यात बहुधा मीठही घालत नाहीत. पहिला घास नुसता खाऊन ‘चव कुठाय?’ असं विचारणारे बरेच भेटतात. भाकरीचं जे काम तेच उगालीचं, चव सोबतच्या कालवणात असते. उजव्या हाताने छोटा गोळा तोडायचा, तळव्यावर वळायचा, अंगठ्याने मध्ये खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात भाजी किंवा रस्सा उचलायचा. गरम असतानाच संपवा, गार उगाली दडदडीत होते.

सोबत बहुतेक वेळा सुकुमा विकी असते. कोबीच्या कुळातला गडद हिरवा पाला अगदी बारीक चिरून कांदा-टोमॅटोवर परततात. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’. महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की घर कोण चालवतं, ते या नावातच सांगितलेलं आहे.

पालेभाज्यांत आणखी ओळखीचे चेहरे भेटतील: तेरेरे म्हणजे राजगिऱ्याच्या जातीचा माठ, कुंदे म्हणजे चवळीचा पाला, मनागू म्हणजे कामोणीच्या जातीचा थोडा कडसर पाला. मक्याची उगाली रुचली नाही तर ‘ब्राऊन उगाली’ मागा. त्यात विंबी म्हणजे नाचणी किंवा म्तामा म्हणजे ज्वारी असते. सकाळी मिळणारी उजी या पेयाची नाचणीची जात म्हणजे सरळसरळ आंबील, फक्त बरेचदा साखर घातलेली.

शुद्ध शाकाहारी माणसाचं निभेल का?

व्यवस्थित निभेल, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण म्हणजे ‘न्यामा’ हा शब्द. त्याचा अर्थ मांस, पण ‘आम्ही न्यामा खात नाही’ एवढंच सांगितलं तर ताटात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो, कारण बोलताना न्यामा म्हणजे मुख्यतः गाय-बकरीचं मांस. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिली न्यामा, कुकू वाला समाकी’, म्हणजे मी मांस, कोंबडी किंवा मासे खात नाही. अंडंही नको असेल तर पुढे ‘ना सिली मयाई’ जोडा.

दुसरं ठिकाण ‘म्बोगा’. शब्दकोशात भाजी, पण रोजच्या बोलण्यात उगालीसोबत जे काही तोंडी लावायला असेल तेही म्बोगाच. त्यामुळे ‘म्बोगा आहे का?’ या प्रश्नाला आलेलं ‘हो’ फारसं कामाचं नाही.

तिसरं ठिकाण रस्सा. भाजी, घेवडा किंवा भात मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, वर मांसाच्या चवीचा तयार मसालाही पडतो. पिलाऊच्या पातेल्यातून मांसाचे तुकडे वेचून उरलेला भात ‘व्हेज’ म्हणून वाढणारे आचारी आहेत. त्यांना त्यात काही चुकीचं वाटत नाही, कारण तुकडा तर ताटात नाहीच. म्हणून विचारा: ‘इमेपिक्वा ना न्यामा?’, म्हणजे हे मांसाबरोबर शिजवलंय का?

आता भरवशाचे पदार्थ. चपाती-न्देंगू हा सगळ्यात सोपा आधार: न्देंगू म्हणजे अख्खे हिरवे मूग, कांदा-टोमॅटोत शिजवलेले. आपल्या उसळीपेक्षा सौम्य आणि मऊ. चपाती मात्र मैद्याची, तेल लावून गुंडाळून पुन्हा लाटलेली, म्हणजे पराठ्याच्या जवळची; दोनमध्ये पोट भरतं. महारागवे म्हणजे राजम्याच्या जातीचे घेवडे, तरुण मंडळी त्यांनाच मादोंदो म्हणतात. गिथेरी म्हणजे मक्याचे टपोरे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवून फोडणी दिलेला किकुयू जमातीचा पदार्थ. यात कधीकधी मांस असतं, विचारून घ्या. सोबत अर्धा ॲव्होकाडो मागा, मिठाबरोबर छान लागतो. मुकिमो म्हणजे बटाटा, मका किंवा वाटाणा आणि भोपळ्याचा पाला एकत्र घोटून केलेला हिरवा लगदा. दिसायला साधा, पण थंड हवेत मस्त.

जैन जेवणासाठी ‘बिला कितुंगू, बिला कितुंगू साऊमू’ म्हणजे कांदा-लसूण नको. छोट्या खाणावळीत हे जमणार नाही, सकाळीच सगळं शिजवून ठेवलेलं असतं. नैरोबीतल्या पार्कलँड्स-वेस्टलँड्स भागात गुजराती वस्ती जुनी आहे, तिथे शुद्ध शाकाहारी आणि जैन थाळी सहज मिळते. पार्कलँड्सच्या डायमंड प्लाझातल्या खाऊगल्लीत बसलात तर सगळ्या गाळ्यांचे वेटर एकदम मेनूकार्ड घेऊन अंगावर येतात. घाबरू नका. एकाला हो म्हणा, बाकीचे आपोआप जातात.

गोमांस टाळायचं असेल तर?

मग जास्त सावध राहा, कारण नुसतं ‘न्यामा’ म्हटलं की बहुधा गोमांसच येतं. साम्बुसा म्हणजे समोसा, पण बटाट्याचा असेल असं गृहीत धरू नका. नेहमीचं सारण गोमांसाच्या खिम्याचं असतं. पिलाऊत आणि मिशकाकी या सळईवरच्या कबाबांतही तेच. हातगाडीवर मधोमध चिरून कचुम्बारी म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर भरून मिळणारं ‘स्मोकी’ हे सॉसेजही बहुधा गोमांसाचं. मुतुरा म्हणजे रक्त आणि मांस भरलेलं आतडं, संध्याकाळी रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर भाजतात. मातुम्बो म्हणजे जनावराची वजडी.

बकरीचं मांस हवं तर ‘म्बुझी’ म्हणा, गाय म्हणजे ‘न्गोम्बे’, डुक्कर म्हणजे ‘न्गुरुवे’. चिप्स म्हणजे तिथे फ्रेंच फ्राइज. त्या शाकाहारी दिसतात, पण ज्या तेलात कोंबडी आणि सॉसेज तळतात त्याच तेलात त्याही तळलेल्या असतात. कडक पाळणाऱ्यांनी चिप्स फक्त शाकाहारी हॉटेलात खाव्यात.

‘होतेली’ आणि ‘किबांडा’ यात फरक काय?

होतेली म्हणजे खाणावळ. आपणही राहायची सोय नसलेल्या जागेला हॉटेल म्हणतोच, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द अडणार नाही. किबांडा म्हणजे पत्र्याची किंवा लाकडाची टपरी. तिथे चपाती-न्देंगूची ताटली साधारण १०० ते १५० शिलिंगांत मिळते. बऱ्या रेस्टॉरंटमध्ये एका माणसाचं जेवण हजाराच्या आसपास किंवा वर जातं. ढोबळ हिशेबाला एक रुपया म्हणजे दीड शिलिंग धरा. हे आकडे अंदाजाचे आहेत, वर्ष आणि शहर बदललं की हलतात.

किबांड्यावर दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान जा. त्या वेळी पातेली ताजी आणि गरम असतात, गिऱ्हाईकही भरपूर. दुपारी चारला तेच पातेलं कोमट झालेलं असतं, आणि पोट बिघडायचं ते तिथेच.

न्यामा चोमा कसं मागवायचं?

न्यामा चोमा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस. मसाला नाही, मॅरिनेशन नाही, लावलं तर मीठ. मोठ्या जागांवर दर्शनी भागातच खाटकाचं दुकान असतं आणि सगळा व्यवहार तिथे सुरू होतो.

आधी टांगलेल्या मांसातला भाग निवडा. म्बावू म्हणजे बरगड्या, मगू म्हणजे पाय, बेगा म्हणजे खांदा. नवख्यांसाठी बकरीच्या बरगड्या बऱ्या, चरबीमुळे त्या कोरड्या पडत नाहीत. मग किलोवर सांगा. वजन कच्च्या, हाडासकट मांसाचं होतं आणि भाजताना ते बरंच घटतं. उगाली आणि कचुम्बारी सोबत असेल तर दोघा-तिघांना एक किलो पुरतं. वजनकाटा समोरच असतो, आकडा बघून घ्या आणि भावही तेव्हाच विचारा.

त्यानंतर कसं शिजवायचं ते सांगा. चोमा म्हणजे भाजून. ‘वेट फ्राय’ म्हणजे कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात, ‘ड्राय फ्राय’ म्हणजे कोरडं परतून. चेम्शा म्हणजे उकडून. मोठा गट असेल तर अर्धं चोमा, अर्धं वेट फ्राय करून घ्या, म्हणजे उगालीला रस्सा मिळतो.

आता थांबा. पाऊण तास ते तासभर लागतोच. इथेच बहुतेकांची फसगत होते: भूक लागल्यावर जातात, वीस मिनिटांनी कुरकुर सुरू करतात आणि घाई केलेलं मांस हाडापाशी कच्चं राहतं. भूक लागण्याआधी तासभर जा, तोवर रश्शासारखं सूप घेऊन बसा.

भाजून झालं की माणूस लाकडी फळी घेऊन टेबलाशी येतो आणि तुमच्यासमोर तुकडे करतो. फळीच्या कोपऱ्यात मिठाची ढिगुळी असते, त्यात तुकडा टेकवून खायचं. काटे-चमचे बहुधा येत नाहीत. त्याआधी कुणी तांब्याभर कोमट पाणी आणि भांडं घेऊन आलं तर ते प्यायचं नाही. दोन्ही हात भांड्यावर धरायचे, तो पाणी ओततो. कचुम्बारी म्हणजे आपली कोशिंबीर: टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि मिरची. शब्दही कचुंबरच, हिंदी महासागर ओलांडून गेलेला.

मांस चिवट वाटेल. तिथे मांस चावून खाण्यातच मजा मानतात, आपल्यासारखं बोटाने सुटेपर्यंत शिजवत नाहीत. दात नाजूक असतील तर वेट फ्राय मागा. नैरोबीत केन्याटा मार्केट या प्रकारासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे.

‘कार्निव्होर’ला जावं का?

नैरोबीच्या लांगाटा रोडवरचं हे रेस्टॉरंट १९८० पासून चालू आहे. मोठ्या खळग्यातल्या निखाऱ्यावर मसाई तलवारींना खोचलेलं मांस भाजतात आणि वेटर टेबलाटेबलावर फिरून कापून वाढतात. टेबलावरचा छोटा झेंडा उभा असेपर्यंत वाढणं थांबत नाही. पोट भरलं की झेंडा आडवा करायचा. रानटी जनावरांचं मांस २००४ पासून बंद आहे. आता नेहमीच्या मांसाबरोबर शहामृग आणि मगर मिळते, ती पाळीव. दर ठरावीक आणि चढा असतो, त्यामुळे थोडं खाणाऱ्याला परवडत नाही. शाकाहाऱ्यांसाठी वेगळे पदार्थ असतात, पण फक्त त्यांच्यासाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.

किनाऱ्यावरच्या मोंबासा आणि लामूचं जेवण वेगळं का लागतं?

नारळामुळे, आणि शेकडो वर्षं अरबस्तान, इराण आणि भारताशी चाललेल्या गलबतांच्या व्यापारामुळे. कोकणातला माणूस इथे लगेच रुळतो.

सकाळची सुरुवात महामरी आणि म्बाझीने करा. महामरी म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेल्या, वेलदोडा घातलेल्या कणकेची फुगलेली तळलेली पुरी, किंचित गोड. म्बाझी म्हणजे अख्खी तूर, नारळाच्या दुधात शिजवलेली. पूर्ण शाकाहारी आणि २०-३० शिलिंगांपासून पुढे भागणारा नाश्ता. दहानंतर संपलेला असतो. देशभर मिळणारी मंदाझी ही महामरीची साधी बहीण, तिच्यात काहीजण अंडं घालतात.

वितुम्बुआ म्हणजे तांदूळ आणि नारळाचे गोड आप्पे. पात्रही आप्पेपात्रासारखंच. वियाझी कराई म्हणजे उकडलेला बटाटा पिवळ्या पिठात बुडवून तळलेला, वर चिंचेची चटणी. नैरोबीकडे ‘भजिया’ मागितली तर बेसनात घोळवलेल्या बटाट्याच्या चकत्या येतात. काशाता म्हणजे खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची वडी. रस्त्यावर लालभडक रंगाचे गोड-आंबट-तिखट दाणे दिसतील, ते माबुयू, म्हणजे गोरखचिंचेच्या बिया. चोखून गर खायचा, बी टाकायची. जीभ दिवसभर लाल राहते.

किनाऱ्यावरचा पिलाऊ करपेपर्यंत परतलेल्या कांद्यामुळे आणि जिऱ्या-लवंग-दालचिनीमुळे तपकिरी दिसतो, त्यात हळद नसते. बिर्याणीत रंगीत भात एकीकडे आणि मसालेदार रस्सा एकीकडे येतो. थर लावलेली दम बिर्याणी शोधू नका. समाकी वा कुपाका म्हणजे भाजलेल्या माशावर नारळाचा दाट रस्सा. किनाऱ्यावर एकच पदार्थ खायचा असेल तर हा.

रमझानमध्ये मोंबासा-लामूच्या जुन्या वस्त्यांत दिवसा खाणावळी बंद असतात. संध्याकाळी मात्र रस्तेच्या रस्ते पदार्थांनी भरतात. दुपारच्या जेवणाची सोय हॉटेलात करा आणि रस्त्यावर चालता चालता खाऊ नका.

व्हिक्टोरिया सरोवराचा मासा?

सरोवराकाठच्या किसुमूला गेलात तर अख्खी तिलापिया खायलाच हवी. पारंपरिक पद्धत म्हणजे आधी तळायची, मग हवी तर कांदा-टोमॅटोत सोडायची. किंमत आकारावर ठरते, म्हणून मासा डोळ्यांनी बघून निवडा. ओमेना म्हणजे बोटाएवढे सुकवलेले चंदेरी मासे. सुकटीची सवय असलेल्यांना आवडतील, इतरांना वास जड जाईल. नैरोबीतली स्वस्त तिलापिया बरेचदा चीनमधून गोठवून आलेली असते, सरोवरातली हवी असेल तर विचारा.

चहा-कॉफी कशी असते?

चहा आपल्यासारखाच दुधात उकळलेला. आलं हवं तर ‘चाय या तांगाविझी’, कोरा हवा तर ‘चाय या रांगी’, साखर नको तर ‘बिला सुकारी’. मोठ्या हॉटेलात मात्र पिशवी, गरम पाणी आणि दूध वेगवेगळं येतं. उकळलेला हवा असेल तर ‘आफ्रिकन टी’ म्हणा. कॉफी जगभर नावाजलेली, पण छोट्या खाणावळीत इन्स्टंटच मिळते. चांगल्या कॉफीसाठी कॅफेत जा. १९९९ मध्ये नैरोबीत सुरू झालेल्या जावा हाऊसच्या शाखा आता मोठ्या शहरांत सगळीकडे आहेत.

ताकाची आठवण झाली तर दुकानातून ‘माझिवा माला’ घ्या. आंबवलेलं दूध, पिशवीत किंवा डब्यात मिळतं. साखर घातलेलंही असतं, वेष्टन वाचून घ्या. मीठ घालून भाताबरोबर झकास.

आणि बिअर वगैरे?

टस्कर ही तिथली जुनी बिअर. मागताना ‘बारिदी’ म्हणजे थंड असं सांगा, कारण अनेक केनियन लोक बिअर न गारवता पितात आणि वेटर तसं विचारतोही. ‘दावा’ म्हणजे औषध. बारमध्ये दावा म्हणजे व्होडका, लिंबू आणि मध. कॅफेत त्याच नावाने आलं-लिंबू-मधाचा गरम काढा येतो. जागा बघून मागवा. चांगआ ही गावठी दारू कुणी प्रेमाने दिली तरी नको म्हणा, भेसळीमुळे तिने डोळे आणि जीव गेले आहेत. दारू न पिणाऱ्यांसाठी स्टोनी हे झणझणीत आल्याचं पेय, आणि किनाऱ्यावर मादाफू म्हणजे शहाळं.

पाणी आणि पोट?

नळाचं पाणी पिऊ नका. बाटलीचं सील बघा. टपरीवरचा बर्फ आणि आधीच कापून ठेवलेली फळं टाळा. किबांड्यावर सगळ्यात जोखमीची वस्तू मांस नव्हे, कचुम्बारी: कच्ची, नळाच्या पाण्यात धुतलेली आणि तासन्‌तास उघडी. समोर चिरून दिली तरच घ्या. भाजलेलं कणीस, म्हणजे माहिंदी चोमा, बिनधास्त खा. मीठ-तिखट-लिंबू लावून मिळतं. मका मात्र जून आणि पिठूळ असतो, आपल्या कोवळ्या कणसाची अपेक्षा ठेवू नका.

सफारीच्या लॉजवर काय सांगून ठेवावं?

बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन असं लेखी कळवा आणि पोहोचल्यावर आचाऱ्याला भेटून पुन्हा सांगा. माराच्या लॉजना भारतीय गटांची सवय आहे, पण भाजीपाला लांबून येतो. ऐनवेळी सांगितलं तर पास्ता आणि उकडलेल्या भाज्यांवर भागवावं लागतं.

दिवसभराच्या सफारीला डबा मिळतो: सँडविच, कोंबडीचा तुकडा, उकडलेलं अंडं, केळं, ज्यूस. शाकाहारी डबा आदल्या रात्री सांगावा लागतो, पहाटे सहाला नाही. डबा गाडीच्या टपावर उघडू नका. माकडं आणि बबून खिडकीतून हात घालतात, घारी हातातला घास नेतात. गाइड सांगेल त्याच जागी उतरा.

घरून काय न्यावं?

लोणचं, कोरडी चटणी, मेतकूट, थोडं तिखट. उगालीवर शेंगदाण्याची चटणी जमते, हे सांगून ठेवतो. ताजी फळं, भाज्या, बिया नेऊ नका. महत्त्वाचं म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड भारी आहे. दशम्या-चिवडा कापडी पिशवीत किंवा स्टीलच्या डब्यात भरा. राष्ट्रीय उद्यानांत जून २०२० पासून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून भरून घेता येईल अशी बाटली न्या.

उपवासाला काय मिळेल?

वाटतं त्याहून बरंच. रताळी आणि न्दुमा सकाळी उकडून मिळतात. न्दुमाला तिथे इंग्रजीत ॲरोरूट म्हणतात, पण ती अळकुडीच. मोंबासाच्या समुद्रकाठी मिहोगो म्हणजे कसावा भाजून किंवा तळून, लिंबू-तिखट लावून देतात. आपला साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून बनतो, त्यामुळे ज्यांना साबुदाणा चालतो त्यांना हा चालायला हरकत नसावी. फक्त तळलेला घेताना तेल विचारा. शिवाय शेंगदाणे, केळी, पपई, आंबे आणि दूध.

पैसे कसे द्यायचे? टिप किती?

टपरीपासून मॉलपर्यंत एम-पेसा चालतं. मोबाइलवरून पैसे देण्याची ही सोय २००७ मध्ये सुरू झाली. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घेतलं की खातं उघडता येतं. ‘लिपा ना एम-पेसा’मध्ये ‘बाय गुड्स’ निवडा, भिंतीवरचा टिल नंबर, रक्कम आणि पिन टाका. ‘पेबिल’ लिहिलेलं असेल तर खाते क्रमांकही लागतो. हे दोन्ही पर्याय एकमेकांत मिसळले की व्यवहार अडतो. आलेल्या मेसेजमधलं नाव पाटीवरच्या नावाशी जुळवून बघा. चार-पाच दिवसांसाठीच असाल तर रोख पुरेल. हजाराच्या नोटेला टपरीवर सुटे नसतात, शंभर-दोनशेच्या नोटा जवळ ठेवा.

१६ टक्के व्हॅट आणि २ टक्के पर्यटन कर बहुधा मेनूतल्या दरातच धरलेले असतात. बिलात वेगळे दाखवले म्हणून जास्तीचे लावले असं समजून भांडू नका. बेरीज मेनूच्या दराशी ताडून बघा. सेवाशुल्क लावलेलं नसेल तर चांगल्या रेस्टॉरंटमध्ये १० टक्क्यांपर्यंत टिप ठीक. किबांड्यावर कुणी अपेक्षा करत नाही.

‘सा म्बिली’ला जेवायला बोलावलं, म्हणजे किती वाजता?

आठ वाजता. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात: सकाळी सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. ऐकलेल्या आकड्यात सहा मिळवा. ‘सा न्ने’चा चहा म्हणजे दहाचा, मंदाझीबरोबर घ्यायचा. इंग्रजीत बोलताना हेच लोक आपल्यासारखी वेळ सांगतात, म्हणून टेबल राखून ठेवताना इंग्रजीत वेळ बोला आणि सकाळ की संध्याकाळ तेही सांगा.

आग्रह थांबवायचा कसा?

‘निमेशिबा, असांते’, म्हणजे पोट भरलं, धन्यवाद. घरगुती जेवणात हे दोनदा म्हणावं लागतं.